बाबांच्या जानेवारीतली माणसं

ताई, शेवटी महिनाही तूच घेतलास.

नाताळच्या पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तू नळ्या लावलेल्या अवस्थेत डिसेंबर काढलास, नवं वर्ष उजाडू दिलंस आणि बाबांच्या दिवसाला तीन दिवस उरले असताना गेलीस. हेमंत फोनवर रडत होता. तुझा मुलगा एवढा मोठा झाला, केस पिकले, तरी रडताना अजून हुंदका गिळतो. त्याला समजावता समजावता माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? ‘बसली जाऊन बाबांच्या यादीत.’ मला तुझा हेवा वाटला. सख्खी बहीण गेली आणि मला हेवा वाटला. लाज वाटते सांगायला, पण तुझ्यापाशी आता काय लपवायचं? तुला तो माझ्या तोंडावर आयुष्यभर दिसतच होता.

काल तुझा तेरावा झाला. आता बसून लिहिते आहे. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहीन, कारण आपल्या घरात हे कुणी कधी सलग सांगितलंच नाही.

बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि मी चार महिन्यांची. पुण्याहून बदली होऊन दिल्लीला आलेले केंद्र सरकारच्या ऑफिसातले एक कारकून, न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. त्याच ऑफिसात आईला चिकटवून घेतलं, म्हणून क्वार्टर राहिलं आणि आपण दिल्लीकर झालो. फोटो एकच. ऑफिसचा ग्रुप फोटो, तिसरी रांग, पुढच्या सरदारजींच्या पगडीआड अर्धा चेहरा, नखाएवढा. भिंग लावून बघितलं की तो चेहरा राहतच नाही, नुसते ठिपके होतात. आई त्यांच्याविषयी बोलायची नाही. विचारलं की म्हणायची, “चांगले होते. जेवा.”

आणखी राहिला तो पेपरांचा गठ्ठा. बाबा पुण्याचा मराठी पेपर टपालाने मागवत. दोन-तीन दिवसांचा शिळा यायचा, पण मराठी यायचा. ते गेले तरी पेपर येतच राहिला, कारण पोस्टमनला कोण काय सांगणार. त्या एका जानेवारीचे सगळे अंक आईने सुतळीने बांधून ट्रंकेत ठेवले. बाकीच्या महिन्यांचे रद्दीत गेले, एवढे मात्र नाही. बाबांनी वाचलेले शेवटचे आणि न वाचलेले पहिले, असं सगळं त्यात होतं. तू त्याच गठ्ठ्यावर वाचायला शिकलीस. दिल्लीतल्या शाळेत हिंदी होतं, मराठी तू निधनवार्तांवर गिरवलंस.

त्या महिन्यात बरीच मोठी माणसं गेली होती. एक गवई. एक वनस्पतिशास्त्रज्ञ. एक हेडमास्तर, ज्यांच्या हाताखालून निम्मा जिल्हा गेला होता. एक पैलवान. एक डॉक्टरीणबाई, त्यांच्या भागातल्या पहिल्या. त्यांची नावं तुला पाठ होती आणि आता मलाही आहेत, पण मी ती इथे लिहिणार नाही. त्यांच्या वाट्याला त्या वेळी कॉलमच्या कॉलम आले, वर फोटो. आपल्या बाबांच्या वाट्याला एक ओळ आली नाही. मी अजून त्यांना जागा का म्हणून देऊ?

तू मात्र उदार. दरवर्षी बाबांच्या दिवशी पान वाढून झालं की पदर खोचून उभी राहायचीस आणि यादी वाचायचीस. आधी बाबांचं नाव, मग ही सगळी मंडळी. हेमंत लहान असताना वरणभाताकडे बघत उभा असायचा आणि म्हणायचा, “आई, चलो ना, हे लोक आपले कोण लागतात?” तू म्हणायचीस, “बाबांच्या सोबतीला गेलेत ते. बाबा बुजरे होते. एवढी माणसं बरोबर असली की वाट विचारायला बरं पडतं.” सगळे हसायचे. मी नाही हसायचे. मला वाटायचं, बुजरे होते हे तुला माहीत आहे. मला तेवढंही माहीत नाही.

खरं तर माझ्या हेव्याचं मूळ तेच. आपल्या दोघींत रंग तुझा उजळ, मार्क तुझे जास्त, प्रमोशन तुला आधी, जनकपुरीतलं घर तुझं आणि मी नोएडाच्या सेक्टरात भाड्याने. ते सगळं मी पचवलं, हळूहळू का होईना. पण तुझ्याकडे बाबा होते आणि माझ्याकडे नव्हते, हे नाही पचलं.

आणि तू सांगायचीस तरी किती छान! बाबांच्या कोटाच्या खिशात कायम बिया असायच्या, रस्त्याने जाताना टाचेने माती उकरायचे आणि एक बी टाकायचे. क्वार्टरच्या कोपऱ्यावरचा अमलतास, म्हणजे आपला बहावा, त्यांचाच. बाबा चिडले की ओरडायचे नाहीत, पेन्सिली काढून एकेकीला टोक करत बसायचे, आणि सगळ्या टोकदार झाल्या की राग संपलेला असायचा. थंडीतसुद्धा भल्या पहाटे गच्चीवर जाऊन गायचे आणि खाली दूधवाला सायकल थांबवून ऐकायचा. कुणाला ताप आला की कपाळाला हात लावण्याआधी तो आपल्या तोंडाच्या वाफेने गरम करून घ्यायचे, पोराला गार लागू नये म्हणून. मला ताप आला की तूही तसंच करायचीस. मी डोळे मिटून पडायचे आणि मनात म्हणायचे, हिला हा हात मिळाला होता, मला नुसती नक्कल.

सगळ्यांत मला टोचायची ती दंडाची गोष्ट. बाबा तुला दंडावर बसवून गोल मार्केटपर्यंत न्यायचे. हात आडवा धरायचे, तू त्यावर बसायचीस, पाय हलवत. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं, “आणि दुसऱ्या दंडावर कोण?” तू विचार न करता म्हणालीस, “कोणी नाही. तो रिकामा असायचा.” त्या रात्री मी तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं, पोट दुखतंय. ओवा दिलास.

आईसुद्धा तुझ्याच बाजूची. एकदा तू पेन्सिलींची गोष्ट सांगत होतीस. आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. आता ही म्हणणार, पुरे झालं, असं मला वाटलं. पण ती तव्याकडे बघत म्हणाली, “निळ्या होत्या पेन्सिली,” आणि परत लाटायला लागली. आईने बाबांविषयी एवढं बोललेलं मी दुसऱ्यांदा कधी ऐकलं नाही. तेव्हा वाटलं, या दोघींचं एक घर आहे आणि मी त्याच्या बाहेर उभी आहे.

आपलं खरं भांडण एकदाच झालं. तेही कुठे, तर पानिपतला. संक्रांतीच्या सुमाराला कस्तुरबा गांधी मार्गावरून मराठी मंडळींची बस निघायची काला अंबच्या स्मारकाला, तुला आठवतं ना? धुक्यात बस गोगलगायीच्या चालीने जायची, तिळगुळाचे डबे फिरायचे, कुणीतरी पोवाडा सुरू करायचं आणि दुसऱ्या कडव्याला अडकायचं. त्या वर्षी कॅन्टोन्मेंटमधून एक सुभेदार आले होते, साताऱ्याकडचे, बायकामुलांसह. स्मारकापाशी त्यांनी टाचा जुळवून सलाम केला, आणि त्यांच्या बायकोने नुसतंच हात जोडून विचारलं, “हितं आमच्या गावचं कोण पडलं, त्याचं नाव लिवलंय का?” तू तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “नसेल लिहिलं, पण तुम्ही आलात ना.” मग माझ्याकडे वळून डोळे पुसत म्हणालीस, “बघ शकू, आपल्या बाबांसारखंच.”

माझा तोल गेला. इतक्या लोकांसमोर मी म्हटलं, “आपल्या नको म्हणूस. तुझे बाबा. बिया तुला, गाणं तुला, दंड तुला. मला काय? पगडीआडचा अर्धा फोटो!” सुभेदारीणबाई बिचारी तिळगुळ हातात घेऊन तशीच उभी. मला वाटलं, आता रडशील, निदान चिडशील. तू म्हणालीस, “मग घे की. कोण अडवतंय तुला?”

मी परतीच्या बसमध्ये मागे जाऊन बसले. घे की! जसं काही कपाटातली साडी आहे. आठवण अशी घेता येते का कुणाची? हा प्रश्न मी तुला त्यानंतर कितीदा विचारणार होते. विचारला नाही. वाढदिवस आले, लग्नं झाली, तुझे गुडघे बदलले, माझे यजमान गेले, तेव्हा तू महिनाभर माझ्याकडे येऊन राहिलीस आणि माझ्या डोक्याला तेल चोळलंस, तेव्हाही नाही विचारला.

आता ट्रंकेचं सांगते. तू गेल्यावर बाराव्या दिवशी हेमंतने ती बाहेर काढली. म्हणाला, “मावशी, हे पेपर फाटायला आलेत. स्कॅन करून घेतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो. आईची यादी यातूनच होती ना? सगळे वाचतील, अच्छा वाटेल.” मी म्हटलं, आधी मला बघू दे. मला आयुष्यात तो गठ्ठा तू कधी एकटीने सोडू दिला नव्हतास. सुतळी सोडायची ती तू, घडी घालायची ती तू, मी लांबून बघायचं. म्हटलं, आता तरी मी सोडीन.

ताई, मी चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायला लागले. वनस्पतिशास्त्रज्ञांवरच्या लेखात एका ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. वाकडी, लहान मुलाच्या हातची. ‘त्यांच्या कोटाच्या खिशात नेहमी बिया असत.’ मी दोनदा वाचलं. मग पान उलटून पुढे गेले. हेडमास्तर: राग आला की पेन्सिलींना टोक करीत बसत. रेघ. गवई: कडाक्याच्या थंडीतही पहाटे गच्चीवर रियाज, आणि खाली गवळी थांबे. रेघ. डॉक्टरीणबाई: तापाने फणफणलेल्या मुलाला हात लावण्याआधी तो वाफेने ऊन करून घेत. रेघ, आणि बाजूला समासात तुझ्या त्या वेळच्या वेड्यावाकड्या अक्षरात, ‘शकूला ताप आला की.’

तू तेव्हा किती असशील? दहा? अकरा?

सगळ्यात शेवटच्या अंकाच्या खाली, कोऱ्या जागेत लिहिलं होतंस, ‘सगळे पेपर पाहिले. बाबांचं नाव नाही. मला काहीच आठवत नाही.’

मी ट्रंकेवरच बसून राहिले. पहिल्यांदा काय वाटलं, खरं सांगू? आनंद झाला. हो, आनंद. म्हणजे तुझ्याकडेही नव्हते! सत्तरी ओलांडलेली बाई मी, तुझा तेरावा उद्यावर आलेला, आणि माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. मग लगेच राग आला. एका बाईच्या हाताचा मी हेवा केला, जिला मी कधी पाहिलं नाही, आणि ती बाई माझा बाप म्हणून माझ्या घरात वावरत होती. एक पैलवान, एक मास्तर, एक गवई, सगळ्यांचं थोडंथोडं घेऊन तू बाप शिवलास आणि मला दुरून दाखवलास. दुरून का, ताई? एवढा बेतून शिवलास, तर मला एकदा अंगाला लावून बघू द्यायचास की.

तेव्हाच मी ठरवलं, तेराव्याला सगळ्यांसमोर वाचायचं. रेघा दाखवायच्या. तुझ्या नावाने डोळे पुसणाऱ्या त्या सगळ्यांना कळू दे, बाबांची लाडकी लेक म्हणून मिरवणारीकडेही काही नव्हतं. रागाने नव्हे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं काय ते कळायला हवं म्हणून. तुला हसू येईल. मलाही आता येतंय.

काल जेवणं झाली. गोडाचा शेवटचा घास झाला, गुरुजी गेले, जनकपुरीच्या त्या लहानशा हॉलमध्ये सतरंजीवर सगळे पाय पसरून बसले. हेमंतने गठ्ठा आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “मावशी, तुम्हीच बोला काहीतरी आईबद्दल.” मी चष्मा लावला. सुतळीला हात घातला. आणि तुझी नात, ती गुडगावची ईशा, जिला ‘पणजोबा’ हा शब्द नीट येत नाही, माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती, ती म्हणाली, “शकूआजी, आजीचे बाबा कसे होते? आजी सांगायची ते आर्मवर बसवून फिरवायचे. मी लहान असताना मला झोप यायची नाही तर रोज तीच स्टोरी.”

तिचे डोळे रडून सुजलेले होते. तिला तू गेलीस तेव्हापासून कुणी गोष्ट सांगितली नव्हती.

पैलवानाच्या लेखातली ओळ माझ्या बोटाखाली होती. तिच्याखालीही तुझी रेघ आहे, ताई, सगळ्यांत जाड. ‘दोन्ही दंडांवर एकेक मूल बसवून ते गावभर फिरत.’ दोन्ही. पैलवानाची दोन मुलं होती. तू गोष्ट घेतलीस तेव्हा एक मूल बसवलंस आणि दुसरं नाही. मला खोटं सांगून बसवणं सोपं होतं. चार महिन्यांच्या मुलीला काय आठवणार, ती कशाला नाही म्हणेल? पण तू ती जागा भरली नाहीस. पानिपतला धुक्यात उभी राहून तू मला तेच सांगत होतीस का? की तुला फक्त माझा राग आला होता? हे आता तुला विचारता येणार नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर चिडलेली राहणार आहे.

मी चष्मा काढला.

“उंच होते,” मी ईशाला म्हटलं. “खिशात बिया असायच्या. रागावले की पेन्सिलींना टोक करायचे. निळ्या पेन्सिली.”

“हो हो, आणि आर्म?”

“दंड म्हण. एका दंडावर तुझी आजी बसायची.”

“आणि दुसरा एम्प्टी असायचा. आजी म्हणायची.”

“तिला काय ठाऊक,” मी म्हटलं. “ती कायम त्या बाजूला बघत पाय हलवायची. दुसऱ्या दंडावर मी असायचे.”

ईशाने बोटं मोजली. हुशार आहे, तुझ्यावर गेली आहे. “बट शकूआजी, तुम्ही तर चार महिन्यांच्या होतात ना?”

“म्हणून तर,” मी म्हटलं, “तो हात ते जास्त जपून धरायचे.”

कुणी हसलं नाही. हेमंत माझ्याकडे बघत होता, त्याला काहीतरी कळलं असावं किंवा नसावं. मी गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि त्याला सांगितलं की स्कॅन वगैरे काही करायचं नाही, हे पेपर माझ्याकडे नोएडाला येतील. तो म्हणाला, “बिल्कुल, मावशी.” आज सकाळी मी सुतळी नवी बांधली. गाठ तुझ्यासारखी जमली नाही.

यंदा सुतकात बाबांचं पान राहिलं. पुढच्या जानेवारीत मी वाढीन आणि यादीही मीच वाचीन. आधी बाबा, मग सगळी मोठी माणसं, सगळ्यांत शेवटी तू. साल वेगळं असलं तरी तुला रांगेत घुसायची सवयच आहे, ते सांभाळून घेतील. मला तुझा हेवा अजून वाटतो, ताई, कारण तू दहा वर्षांची असताना बहिणीला बाप करून दिलास आणि मी सत्तरीपर्यंत नुसती रुसून बसले. पण तिकडे खरे बाबा भेटलेच आणि त्यांनी विचारलं, दुसरी कुठे आहे, तर सांग त्यांना. डाव्या दंडावर. खाली बघा, पाय हलवतेय.